घरच्या कार्यशाळेसाठी पहिले ‘टिग’ यंत्र घेताना

आधी वीज, मग वायू आणि शेवटी यंत्र. हा क्रम चुकला तर पैसा वाया

आमच्या प्रतिनिधीकडून

बुलडाणा : स्टेनलेस स्टीलच्या दुधाच्या कॅनच्या तळाला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेले, तर रॉडच्या पहिल्याच स्पर्शाला पातळ पत्रा जळून छिद्राचे भगदाड होते. मग तो कॅन मोटारसायकलला बांधून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी न्यायचा, ‘आर्गनवाल्या’ची वाट पाहायची आणि पाच मिनिटांच्या कामासाठी दिवस घालवायचा. फवारणीच्या पंपाची स्टीलची टाकी, उपाहारगृहातील भांडी, जिन्याचे कठडे, मोटारसायकलचा सायलेन्सर अशा अनेक वस्तूंची हीच कथा आहे. त्यामुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या अथवा वडिलांच्या लोहारकामाला नवे वळण देऊ पाहणाऱ्या तरुणाच्या मनात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपलेही एक ‘आर्गन मशीन’ असावे, असा विचार येणे स्वाभाविक आहे.

इन्व्हर्टर तंत्रामुळे ही यंत्रे हलकी झाली, एका हाताने उचलता येऊ लागली आणि सामान्य कारागिराच्या आवाक्यातही आली. परंतु निवड करणे मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. एकाच आकाराच्या पेट्यांवर २००, २५०, ३०० असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. किमतींत मोठी तफावत असते आणि विक्रेता प्रत्येक यंत्र ‘सर्व काही करणारे’ असल्याचे सांगतो. अशा वेळी साठवलेले किंवा कर्जाऊ घेतलेले पैसे योग्य ठिकाणी पडावेत, यासाठी ही माहिती.

‘टिग’ म्हणजे नेमके काय?

टिग या अक्षरांचा अर्थ ‘टंगस्टन’ आणि ‘निष्क्रिय वायू’ या दोन शब्दांत सामावला आहे. नेहमीच्या वेल्डिंगमध्ये हातातील रॉड स्वतःच वितळून सांध्यात भरला जातो. टिगमध्ये तसे होत नाही. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची अणकुचीदार सळई असते. टंगस्टन सुमारे ३४२० अंश सेल्सियसला वितळतो. सर्व धातूंमध्ये हा वितळणबिंदू सर्वाधिक आहे. ही सळई आणि काम यांच्यामध्ये विजेचा आर्क पेटतो, त्याच्या उष्णतेने कामाचा धातू वितळतो आणि गरज असेल तेवढीच भर दुसऱ्या हातातील बारीक तारेने घालता येते. उष्णता एका हातात आणि भर दुसऱ्या हातात असल्याने कारागिराला सांध्यावर पूर्ण ताबा ठेवता येतो. अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्राही न जाळता जोडता येतो, तो याच कारणाने.

वितळलेल्या धातूला हवेतील प्राणवायू आणि नत्रवायू लागला तर सांधा काळवंडतो, ठिसूळ होतो. तो लागू नये म्हणून टॉर्चमधून आर्गन वायू सतत वाहत असतो. आर्गन आपल्या सभोवतालच्या हवेतच आहे. हवेचा एक टक्क्याहून किंचित कमी भाग आर्गनचाच असतो. १८९४ साली रॅले आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांनी तो शोधला आणि तो कशाशीच संयोग पावत नाही हे पाहून ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. हा आळस वेल्डरच्या फार उपयोगाचा ठरला आहे. टिगचे तंत्र अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीतील रसेल मेरेडिथ यांनी विकसित केले आणि १९४२ साली त्याचे पेटंट मिळाले. त्या काळी मॅग्नेशियमसारखे हलके, चटकन पेट घेणारे धातू जोडण्यासाठी हेलियम वायू वापरला जाई. पुढे स्वस्त आणि जड अशा आर्गनने त्याची जागा घेतली. आपल्याकडच्या बाजारात या पद्धतीला सरळ ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात.

पहिला प्रश्न धातूचा

यंत्र कोणते घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. आपल्याकडे वर्षभरात कोणते काम येणार आहे, यावर ते ठरते. वही घेऊन गेल्या काही महिन्यांत परत पाठवावी लागलेली कामे लिहून काढावीत. त्यांत वखर, डवरे, ट्रॉलीचे हुक, लोखंडी फाटके यांचीच गर्दी असेल, तर टिगची निकड नाही. गंजलेल्या, मातीने माखलेल्या जाड लोखंडाला रॉडचे साधे वेल्डिंगच योग्य. टिगला अत्यंत स्वच्छ धातू लागतो. गंज, रंग किंवा तेल राहिले तर सांध्यात छिद्रे पडतात आणि टंगस्टनचे टोकही खराब होते. शिवाय टिगचा वेग कमी आहे. फाटकाचे शंभर सांधे टिगने करणे म्हणजे कापूस चिमटीने वेचण्याऐवजी सुईने वेचण्यासारखे आहे.

खामगावसारख्या चांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे यंत्र चांदीला चालेल का? चांदीच्या नित्याच्या कामात डाग देण्याची रीत निराळी आहे. तेथे मूळ धातू न वितळवता कमी तापमानाला वितळणारा डाग सांध्यात खेळवतात. त्यासाठी ज्योतच योग्य. येथे वर्णिलेले टिग यंत्र त्या कामाचे नव्हे.

यादीत स्टेनलेस स्टील आणि लोखंडाचा पातळ पत्रा वा नळी अधिक असेल, तर एकदिश प्रवाहाचे म्हणजे डीसी यंत्र पुरेसे होते. तांबे आणि पितळही डीसीवर जोडता येते. मात्र पितळातील जस्त जळून धूर होतो, म्हणून नवशिक्याने त्यापासून सुरुवात करू नये.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा अदृश्य थर बसलेला असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर हा थर दोन हजार अंशांपलीकडे. परिणामी आतला धातू पातळ होऊन कोसळतो आणि वरची साय तशीच राहते. ही साय फोडण्यासाठी प्रवाहाची दिशा सेकंदाला अनेक वेळा उलटसुलट व्हावी लागते. एका दिशेने साय फुटते, दुसऱ्या दिशेने धातू वितळतो. म्हणून ॲल्युमिनियमचे दूधकॅन, इंजिनाची आवरणे, गाड्यांचे सुटे भाग यांसाठी एसी-डीसी यंत्रच लागते. ‘डीसी यंत्रावरही ॲल्युमिनियम होते’ असे कोणी सांगितले, तर त्याच्याकडून आपल्यासमोर करून घ्यावे. आर्गनवर चालणाऱ्या साध्या डीसी यंत्रावर ते समाधानकारक होत नाही.

एसी-डीसी यंत्राची किंमत साध्या डीसी यंत्राच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असते, त्यात इलेक्ट्रॉनिक भाग जास्त असतात आणि दुरुस्तीही महाग पडते. महिन्याला ॲल्युमिनियमची एक-दोनच कामे येत असतील, तर ती बाहेरून करून घ्यावीत आणि पहिले यंत्र डीसी घ्यावे. आठवड्याला अशी कामे येत असतील, तर मात्र डीसी घेऊन पुन्हा एसी-डीसी घेण्यापेक्षा थोडे थांबून एकदाच योग्य यंत्र घेतलेले बरे.

घरची वीज मोजा

टिग यंत्र उत्तम निघूनही घरी चालत नाही, याचे एक मोठे कारण विजेत असते. गावठाणाच्या कडेला, रोहित्रापासून दूर असलेल्या घरात विजेचा दाब संध्याकाळी पडतो, हे कोणाला सांगायला नको. कागदावर २३० व्होल्ट असले तरी प्रत्यक्षात किती, हे मोजल्याशिवाय यंत्राची ऑर्डर देऊ नये.

साध्या मल्टिमीटरने ही परीक्षा घरीच करता येते. मात्र खुल्या तारांना हात लावण्याचा प्रसंग आल्यास परवानाधारक तारतंत्री बोलवावा. ज्या ठिकाणी यंत्र लावायचे, त्या प्लगवर सकाळी, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास दाब नोंदवावा. त्यानंतर त्याच ओळीवर दोन किलोवॅटचा पाणी तापवायचा हिटर लावून पुन्हा मोजावा. समजा, दाब २३० वरून २१५ वर आला. म्हणजे सुमारे नऊ अँपिअर प्रवाहाला १५ व्होल्टची घट झाली. यंत्राने याच्या तिप्पट प्रवाह ओढला तर घट ४५ व्होल्टची होईल आणि यंत्राला केवळ १८५ व्होल्ट मिळतील. अनेक यंत्रे या दाबाला बंद पडतात किंवा चाचपडत चालतात. दोष यंत्राचा नसून मीटरपासून शेडपर्यंत ओढलेल्या बारीक तारेचा असतो. पुरेशा जाडीची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग एवढ्याने तो बहुधा दूर होतो. घट मीटरच्या अलीकडची नसून पलीकडची असेल, तर महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज करण्यावाचून गत्यंतर नाही.

यंत्र किती वीज घेते, याचा अंदाजही बांधता येतो. टिगमध्ये १०० अँपिअरवर काम करताना आर्कचा दाब साधारण १४ व्होल्ट असतो, म्हणजे आर्कला १.४ किलोवॅट शक्ती मिळते. यंत्रातील नुकसान धरून भिंतीच्या प्लगमधून साधारण १० ते १२ अँपिअर ओढले जातात. २०० अँपिअरवर हाच आकडा २५ ते ३० पर्यंत जातो. त्याच यंत्रावर २०० अँपिअरचे रॉडचे वेल्डिंग केल्यास तो ४० च्या घरात पोहोचतो. पातळ पत्र्याच्या नित्याच्या कामाला १०० अँपिअर पुष्कळ होतात, त्यामुळे घरगुती सिंगल फेज जोडणीवर टिग चालू शकते. मात्र साध्या ५ अँपिअरच्या प्लगवर नव्हे.

येथे एक कायदेशीर बाबही लक्षात घ्यावी. शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग यंत्र चालवणे हा मंजूर कारणाव्यतिरिक्त केलेला वापर ठरतो आणि वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार त्याबद्दल दंडात्मक आकारणी होऊ शकते. घरापुरती दुरुस्ती वेगळी. मोबदला घेऊन नियमित काम करायचे असेल, तर त्यासाठी योग्य प्रवर्गातील जोडणी आणि पुरेसा मंजूर भार आधीच मागून घ्यावा.

आर्गन कोठून आणणार?

वीज निश्चित झाली की दुसरा प्रश्न वायूचा. आर्गन गावोगावी मिळत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या औद्योगिक वसाहतींच्या गावी विचारणा करावी. तेथे सोय न झाल्यास अकोला, जळगाव वा छत्रपती संभाजीनगरकडे पाहावे लागेल. विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात : सिलिंडर विकत की भाड्याने, अनामत किती, भरून देण्यास किती दिवस लागतात आणि पोहोचवण्याची व्यवस्था कोणाची. वाहतुकीचा खर्च वायूच्या किमतीइतका होत असेल, तर लहान सिलिंडर परवडत नाही.

सिलिंडरचा हिशेब सोपा आहे. १० लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने सुमारे १५०० लिटर वायू बसतो. टिगला मिनिटाला ८ लिटर वायू धरला, तर तो तीन तासांपेक्षा थोडा अधिक वेळ पुरेल. मोठ्या ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर बसतात, म्हणजे साडेचौदा तासांचा प्रत्यक्ष आर्क. घरच्या कामात आर्क पेटलेला असण्याचा काळ थोडाच असतो, त्यामुळे हे तास अनेक दिवस पुरतात. परंतु नळीच्या सांध्यातून मिनिटाला एक लिटर जरी गळती राहिली, तरी रात्रीच्या बारा तासांत ७२० लिटर म्हणजे लहान सिलिंडरचा जवळजवळ अर्धा वायू निघून जातो. म्हणून जोडणीनंतर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि काम संपताच सिलिंडरची चावी बंद करावी.

वायू शुद्ध आर्गनच हवा. आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचे जे मिश्रण तारेच्या म्हणजे मिग वेल्डिंगसाठी विकले जाते, ते टिगला लावल्यास टंगस्टनचे टोक क्षणात जळते. भारतीय मानकांनुसार आर्गनचे सिलिंडर निळ्या रंगाचे असते. तरीही रंगावर विसंबू नये, लेबल आणि खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहावी. रेग्युलेटरही आर्गनसाठीचाच, लिटरमध्ये प्रवाह दाखवणाऱ्या नळीसह घ्यावा.

भरलेले सिलिंडर मोटारसायकलवर आडवे बांधून आणण्याचे दृश्य आपल्याकडे नवीन नाही. गॅस सिलिंडर नियमांत दुचाकीवरून अशी वाहतूक करण्यास मनाई आहे. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या विदर्भातच, नागपूरला आहे. नियमामागचे कारण साधे आहे : पडून व्हॉल्व्ह तुटला, तर दीडशे बारच्या दाबाने सुटणारे सिलिंडर तोफगोळ्यासारखे धावते. शेडमध्येही ते उभे आणि साखळीने भिंतीला बांधलेले असावे.

पेटीवरचा आकडा आणि पाठीमागची पट्टी

आता यंत्राकडे वळू. समोर ठळक छापलेला आकडा हे बहुधा यंत्राचे नाव असते, त्याची ताकद नव्हे. खरी माहिती पाठीमागच्या बारीक अक्षरांच्या पट्टीवर असते. तेथे वीज किती घेते, हे पाहावे. उदाहरणार्थ, एखादे यंत्र रॉडच्या वेल्डिंगला २५० अँपिअर देते असा दावा आहे. त्या प्रवाहाला आर्कचा दाब सुमारे ३० व्होल्ट धरतात, म्हणजे साडेसात किलोवॅट शक्ती बाहेर आली पाहिजे. पट्टीवर मात्र २३० व्होल्टला कमाल २० अँपिअर घेतले जात असल्याचे लिहिले असेल, तर आत जाते ते जास्तीत जास्त ४.६ किलोवॅट. आत चार शेर घालून बाहेर सात शेर निघत नाहीत. एवढा गुणाकार दुकानातच करून पाहावा.

दुसरी बाब ‘ड्यूटी सायकल’ची. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. या आकड्यासोबत तापमानही पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा आकडा ४० अंश तापमानाला दिला जातो; काही स्वस्त यंत्रांचा आकडा मात्र २०-२५ अंशांचा असतो. घाटावरच्या बुलडाण्यात एकवेळ हा फरक खपून जाईल. परंतु घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद भागात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीपलीकडे असतो. तेथे २५ अंशांच्या आकड्याचे यंत्र वारंवार ‘ओव्हरहीट’ दाखवून थांबते. त्यात भर म्हणजे टिग करताना पंखा किंवा कूलर कामावर सोडता येत नाही. वाऱ्याने आर्गनचे आवरण उडते आणि सांध्याला छिद्रे पडतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळचे काम आणि थोडे वरच्या क्षमतेचे यंत्र हे दोन्ही शहाणपणाचे.

ताकद किती हवी? लोखंड आणि स्टीलसाठी एक मिलिमीटर जाडीला साधारण ३० ते ४० अँपिअर असा ढोबळ हिशेब आहे. तीन मिलिमीटरपर्यंतचे काम करायचे असेल, तर १२० अँपिअर लागतात. म्हणजे खऱ्या २०० अँपिअरचे यंत्र घरच्या कार्यशाळेला भरपूर आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते खाली किती उतरते. ५-१० अँपिअरवर आर्क स्थिर राहिला, तरच पातळ पत्र्याचे काम साधते.

आर्क पेटवण्याच्या तीन पद्धती आहेत. काडीपेटीसारखे घासून पेटवण्याच्या पद्धतीत टंगस्टन कामात अडकून मोडतो. टेकवून उचलण्याची ‘लिफ्ट’ पद्धत त्याहून चांगली आणि साधी आहे. ‘एचएफ’ म्हणजे उच्च वारंवारतेच्या ठिणगीने न टेकवताच आर्क पेटतो. स्टीलच्या स्वच्छ कामाला तीच उत्तम. मात्र या ठिणगीने जवळचा टीव्ही वा इलेक्ट्रॉनिक उपकरणे बिघडू शकतात, म्हणून ती दूर ठेवावीत. एचएफ आणि लिफ्ट अशा दोन्ही सोयी असलेले यंत्र घ्यावे.

त्याखेरीज तीन सोयी पाहाव्यात. आर्क विझल्यावरही काही सेकंद वायू चालू राहण्याची सोय, म्हणजे सांधा आणि टंगस्टन थंड होईतो त्यांचे रक्षण होते. शेवटी प्रवाह हळूहळू उतरण्याची सोय, म्हणजे सांध्याच्या टोकाला खळगा आणि चीर पडत नाही. तिसरी, पायाने प्रवाह कमी-जास्त करण्याचे पेडल जोडण्याची जागा. पेडल आज घेतले नाही तरी चालेल, पण जागा असावी. ‘पल्स’ची सोय पातळ स्टीलला उपयोगी आहे, मात्र हात बसण्याआधी तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

बहुतेक डीसी टिग यंत्रांवर रॉडचेही वेल्डिंग करता येते. आपल्याकडच्या कारागिराला हा मोठा फायदा आहे. सकाळी स्टीलचा कॅन आणि दुपारी कल्टिव्हेटरचा फाळ, अशी दोन्ही कामे एकाच पेटीवर होतात. खरेदीच्या वेळी ३.१५ मिलिमीटरचा रॉड अखंड चालवून पाहावा.

यंत्राबाहेरचा खर्च

हाती असलेली सारी रक्कम यंत्रावर घालवणे, ही पहिल्या खरेदीतील सर्वांत महाग चूक होय. अनामत, वायू, रेग्युलेटर, तार, अर्थिंग, हेल्मेट, हातमोजे, फिलर तारा आणि टंगस्टन या सर्वांसाठी पैसे बाजूला काढून उरलेल्या रकमेत यंत्र बसवावे.

सोबत मिळालेली टॉर्चही पाहून घ्यावी. हवेने थंड होणाऱ्या टॉर्चमध्ये ‘१७’ क्रमांकाची १५० अँपिअरपर्यंत आणि ‘२६’ क्रमांकाची २०० अँपिअरपर्यंत चालते. या दोन क्रमांकांचे सुटे भाग सहज मिळतात. अनोळखी घडणीची टॉर्च असेल, तर फुटलेल्या एका सिरॅमिक नळीसाठी काम आठवडाभर अडते.

टंगस्टनच्या सळईच्या टोकाला रंग असतो. लाल रंगाच्या सळईत थोरियम असते. ते किरणोत्सारी असल्याने सळई घासताना उडणारी धूळ श्वासातून आत जाणे हितावह नाही. सोनेरी किंवा निळ्या रंगाची लँथॅनमयुक्त सळई डीसी आणि एसी दोन्हींवर चांगली चालते, म्हणून सुरुवातीपासून तीच वापरावी. पातळ कामाला १.६ आणि जाड कामाला २.४ मिलिमीटर जाडीची सळई घ्यावी. टोक लांबीच्या दिशेने घासावे आणि त्यासाठी स्वतंत्र चाक राखून ठेवावे. फिलर तारेत ३०४ जातीच्या स्टीलसाठी ‘३०८ एल’, स्टील आणि लोखंड एकमेकांना जोडण्यासाठी ‘३०९ एल’ आणि साध्या लोखंडासाठी ‘७० एस’ या तारा जवळ असल्या की बहुतेक कामे भागतात.

कपाशीच्या घरात ठिणगी

घरची कार्यशाळा आणि कारखाना यांत एक मूलभूत फरक आहे. घरात मुले असतात, म्हातारी माणसे असतात आणि भावाची वाट पाहत साठवलेला कापूसही असतो. टिगच्या आर्कमधून ठिणग्या फारशा उडत नाहीत, पण कामाआधी चालणाऱ्या ग्राइंडरच्या ठिणग्या दूरवर जातात आणि कापसाच्या ढिगात शिरलेली ठिणगी बाहेरून न दिसता आत धुमसत राहते. ज्या खोलीत कापूस, सोयाबीनचा भुसा किंवा कडबा आहे, तिच्या भिंतीला लागून हे काम करू नये. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवावी, अग्निशामक नळकांडे घेता आल्यास उत्तम आणि काम संपल्यावर अर्धा तास जागा नजरेखाली ठेवावी.

टिगमध्ये धूर कमी असल्याने आर्कचे अतिनील किरण अधिक प्रखर भासतात. उघड्या मानेवर उन्हाने भाजल्यासारखी जळजळ होते आणि क्षणभर आर्ककडे पाहणाऱ्या मुलाचे डोळे रात्री वाळू भरल्यासारखे खुपतात. काच आपोआप काळी होणारे हेल्मेट घेताना ते कमी अँपिअरच्या टिगसाठी योग्य आहे ना, हे विचारावे. १०० अँपिअरच्या आसपास १० किंवा ११ क्रमांकाची काळोखी लागते. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा असावा, नायलॉनचा नको. शेडच्या उघड्या बाजूला जाड, न पेटणारा पडदा लावणे हे शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठीही आवश्यक आहे.

आर्गन विषारी नाही, परंतु हवेपेक्षा जड आहे. बंद खोलीत किंवा खड्ड्यात तो साचून प्राणवायूला बाजूला सारतो आणि माणसाला कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. म्हणून दारे-खिडक्या उघड्या असाव्यात. मोठ्या टाकीत उतरून एकट्याने कधीही टिग करू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या धुराने ताप भरतो, तेव्हा मुलामा घासून काढल्याशिवाय आर्क लावू नये. डिझेल-पेट्रोलच्या टाक्या आणि कीटकनाशकांची पिंपे ‘रिकामी आहेत’ म्हणून जोडायला आणली जातात. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. अशी कामे नवशिक्याने सरळ नाकारावीत. नाकारलेल्या कामाने गिऱ्हाईक एक वेळ तुटेल, पण माणूस वाचेल.

खरेदीच्या दिवशी

दुकानात जाताना स्वतःचे सामान न्यावे : एक मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा, नळीचा तुकडा आणि यादीत असलेला आणखी एखादा धातू. यंत्र आपल्यासमोर त्याच तुकड्यांवर चालवून घ्यावे. विक्रेत्याकडे आर्गनच जोडलेला नसेल, तर तो टिग यंत्र विकतो, पण ते चालवून दाखवत नाही, एवढे समजून घ्यावे. दुरुस्ती कोठे होते, त्या काळात पर्यायी यंत्र मिळते का, सर्किटचे सुटे भाग उपलब्ध आहेत का, हे पावती करण्यापूर्वी विचारावे. इन्व्हर्टर यंत्रात धूळ आणि लोखंडाचा कीस शिरल्याने बिघाड होतात, म्हणून ग्राइंडरच्या तोंडासमोर ते ठेवू नये. भावात थोडी सूट देऊन पक्की पावती नाकारणाऱ्याकडून घेऊ नये. पावतीवाचून हमी सिद्ध करणे कठीण जाते.

यंत्र घेण्याआधी हात बसवता आला, तर सोन्याहून पिवळे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील एक वर्षाच्या वेल्डर अभ्यासक्रमात टिगचाही समावेश आहे. प्रवेश घेणे शक्य नसेल, तर ओळखीच्या कारागिराकडे आठ-पंधरा दिवस उमेदवारी करावी. त्याच्या यंत्रावर पंधरा दिवस घालवल्यावर आपल्याला नेमकी कोणती सोय हवी आणि कोणती नको, हे माहितीपत्रकापेक्षा अधिक स्पष्ट कळते.

सारांश, बहुतेक घरगुती कार्यशाळांसाठी पहिले यंत्र म्हणून खऱ्या २०० अँपिअरचे, एचएफ आणि लिफ्ट अशा दोन्ही सोयींचे, रॉडवरही चालणारे आणि ४० अंश तापमानाचा आकडा असलेले डीसी इन्व्हर्टर पुरेसे आहे. ॲल्युमिनियमचे काम नियमित असल्यासच एसी-डीसीकडे वळावे. केवळ फाटके आणि अवजारे असतील, तर टिगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. मात्र यांपैकी काहीही ठरवण्याआधी प्लगवरचा दाब मोजावा आणि आर्गनच्या विक्रेत्याला भेटून यावे. ही दोन्ही कामे एका दिवसाची आहेत आणि त्यांना जवळपास खर्च नाही. ती टाळली, तर पुढे नवे कोरे यंत्र विजेची आणि वायूची वाट पाहत शेडच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून राहते आणि त्याचे हप्ते मात्र दरमहा वेळेवर येत राहतात.